ज्यांच्या कोष्टकांची परीक्षा

जुन्या दप्तरांत ज्योतिषाच्या पोथ्या पुष्कळ सांपडतात. परंतु सनदा-बखरींच्या मानानें त्यांकडे संग्राहकांचें लक्ष कमी जातें. हें गणित आपल्या आवांक्याबाहेरचें, ही समजूत त्याचें एक कारण होय. वस्तुतः कॉलेजांत दुसऱ्या वर्षीं बीजभूमिति व कलनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास जें येतें, तेवढ्यावर या पोथ्यांतील एका महत्त्वाच्या भागाची परीक्षा करतां येते. ती कशी, हें येथें दाखवितों.

सिद्धान्तग्रंथांत वर्तुळपादाचे २४ समान भाग करून व त्रिज्या ३४३८ धरून प्रत्येक भागाची ज्या दिलेली आढळते. पहिल्या ज्या २२५, ४४९, ६७१, ८९०, ११०५ अशा, तर शेवटच्या दोन ३४३१ व ३४३८ आहेत. लागोपाठच्या ज्यांचीं अंतरें २२५, २२४, २२२, २१९, २१५ अशीं उतरत जाऊन अखेरीस ७ वर येतात. याचें कारण विद्यार्थ्यास कलनशास्त्राच्या आरंभींच कळतें: ज्येची वाढ कोटिज्येच्या प्रमाणांत होते, आणि कोटिज्या पादान्तीं शून्य होते.

आतां समजा, नकलकारानें ९ च्या जागीं ६ लिहून ८९० चे ८६० केले. मग अंतरें १८९ व २४५ येतील. उतरता क्रम मोडेल आणि चूक तत्काळ उघडी पडेल. अशीच चूक दोन पोथ्यांत आढळल्यास त्या एकाच प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असा संशय घेण्यास जागा होते.

हा नियम भास्कराचार्यांस ठाऊक होता. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाची तात्कालिक गति काढतांना त्यांनीं तो योजिला आहे. त्यावरून बापूदेव शास्त्री यांनीं इ. स. १८५८ त भास्कराचार्यांस चलनकलन अवगत होतें असें प्रतिपादिलें, इ. स. १८६० त स्पॉटिस्वूड यांनीं त्यावर आक्षेप घेतले. आमच्या मतें नियम निःसंशय आहे. पण कोणत्याही वक्रास लागू पडणारी न्यूटन-लायब्निट्झ यांची सर्वसाधारण रीति तेथें नाहीं. अभिमानानें अधिक म्हणूं नये, अनास्थेनें कमीही म्हणूं नये.

चाळीसगांवाजवळील पाटणच्या शिलालेखांत, आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. त्याच प्रांतांतील संग्राहकांनीं कोष्टकांचीं पानें नुसते आंकडे म्हणून टाकून देऊं नयेत, एवढीच विनंति.