उतरती बैठक

सायकलच्या बैठकीची उंची किती असावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. सपाट रस्त्यावर तो एकदाच सोडवावयाचा असतो. पायडल अगदी खाली गेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा आणि गुडघ्यात किंचित बाक राहावा, एवढे साधले की काम झाले. परंतु डोंगरवाटांवर चालविण्याच्या सायकलीस हे एकच उत्तर पुरत नाही. चढावर उंच बैठक पायांचे बळ वाया जाऊ देत नाही; उतारावर मात्र तीच स्वाराची वैरीण होते. तीव्र उतारावर पुढचा ब्रेक लागला म्हणजे शरीराचा भार पुढे झेपावतो. त्या क्षणी अंग खाली आणि मागे नेता आले तर तोल सावरतो. बैठक आडवी आली तर स्वार हॅण्डलवरून पुढे फेकला जाण्याचे भय असते. गुडघा सांभाळावा की मान, असा हा पेच आहे.

या पेचाचे वय खुद्द या खेळाइतकेच आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ साली ‘रिपॅक’ नावाच्या उतारशर्यती सुरू झाल्या. त्या काळी बैठक खाली घ्यावयाची तर थांबून, उतरून दांड्याची पकड सैल करावी लागे. १९८०च्या दशकात तेथीलच ज्यो ब्रीझ व जॉश एंजेल यांनी दांड्याला एक स्प्रिंग जोडून दिली. त्यामुळे खाली दाबलेली बैठक आपोआप नेमक्या रेषेत वर येऊ लागली. परंतु पकड सोडण्यासाठी हात खाली न्यावाच लागे. हॅण्डलवरील कळ दाबताच खालीवर होणारा दांडा एकविसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आला. त्यालाच ‘ड्रॉपर पोस्ट’ म्हणतात. त्याची उपयुक्तता केवळ डोंगरापुरती नाही. २०२२ साली स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिच याने मिलान ते सान रेमो ही रस्त्यावरील शर्यत जिंकली, तेव्हा पोज्जोच्या उतारावर त्याने अशाच दांड्याचा आधार घेतला होता.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. एका नळीत दुसरी नळी सरकते. कळ दाबून बैठकीवर भार दिला की ती खाली जाते. भार काढून पुन्हा कळ दाबली की आत कोंडलेला वायू अथवा स्प्रिंग तिला वर ढकलते. काही दांडे खिळीच्या योगाने दोनतीन ठरावीक उंचींवर अडकतात. बहुतेकांत तेलाची झडप असल्यामुळे ते हव्या त्या उंचीवर स्थिर होतात.

निवड करताना किमतीच्या आधी मापे घ्यावीत. पहिले माप फ्रेमच्या नळीच्या आतील व्यासाचे. २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिलिमीटर ही प्रचलित मापे होत. ३०.९ आणि ३१.६ यांतील फरक डोळ्यांना जाणवतही नाही, परंतु जाड दांडा बारीक नळीत शिरत नाही आणि बारीक दांडा जाड नळीत बसविण्यासाठी मध्ये मापाची पातळ नळी घालावी लागते.

दुसरे माप वरचे. नेहमीच्या उंचीवर बैठक बांधून, फ्रेमच्या नळीच्या काठापासून बैठकीखालच्या सळ्यांपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते २२० मिलिमीटर भरले. दांड्याचे डोके व गळा मिळून ४५ मिलिमीटर जागा घेत असतील, तर उरले १७५. म्हणजे १७० मिलिमीटर उतरणारा दांडा चालेल. २०० उतरणारा चालणार नाही. हट्टाने तो बसविल्यास बैठक कायमची २५ मिलिमीटर उंच राहील आणि प्रत्येक फेऱ्यागणिक कंबर डोलू लागेल. काही दांड्यांत आत लहान तुकडे घालून उतार दहावीस मिलिमीटरांनी कमी करता येतो. माप थोडक्यात हुकत असेल तर ही सोय मोलाची ठरते.

तिसरे माप आतले. फ्रेमच्या नळीत वाक किंवा सांधा असला की लांब दांडा तेथेच अडतो. केबल फ्रेमच्या आतून जाणार असेल तर दांड्याखाली तिलाही जागा हवी; फ्रेमला तशी वाट नसेल तर बाहेरून केबल जाणारा दांडाच घ्यावा लागतो. हॅण्डलची डावी बाजू पुढच्या गिअरच्या खटक्याने व्यापली आहे काय, हेही पाहावे, कारण कळ बहुधा तेथेच बसते.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. भारतातही हा खेळ रुजत आहे. २०२३ साली केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तथापि दूरच्या डोंगरगावात दांडा बिघडला तर काय, याचा विचार विकत घेतानाच व्हावयास हवा. बिनतारी, विद्युतघटावर चालणारे दांडेही मिळतात. ते सुबक खरे, परंतु घट उतरला की निरुपयोगी. केबलच्या दांड्यास बहुधा गिअरची साधी तार चालते आणि ती लहानशा दुकानातही मिळू शकते. आतला वायूचा भाग सुटा बदलता येतो काय, हेही विचारून घ्यावे.

बसविताना पकड अतिशय आवळू नये, नाहीतर नळी दबून दांडा अडखळू लागतो. चिखलातून आल्यावर सरकता भाग पुसावा. बैठकीची बाजूला होणारी किंचित हालचाल हा दोष नव्हे. सरकत्या भागांत तेवढी मोकळीक असावीच लागते.

साध्या दांड्याहून हा पाव ते अर्धा किलो जड असतो, आणि चढावर ते ओझे वाहावेच लागते. त्याचा मोबदला उतारावर मिळतो, पण केव्हा? दांडा स्वाराच्या पायांच्या आणि फ्रेमच्या मापाचा असेल तेव्हाच. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहून न्यावेत. विक्रेत्याच्या शिफारशीपेक्षा ते अधिक भरवशाचे ठरतात.