कोठाराच्या सरकत्या दाराची खिटी

कोठाराच्या सरकत्या दाराची खिटी मोडली की पुष्कळ शेतकरी सुतळीने दार बांधून वेळ निभावतात. परंतु सुतळी सैलावते, फट राहते; आणि लहान उंदरास सुमारे ६ मिलिमीटरची फटही पुरते. म्हणून खिटी त्वरित बदलावी.

प्रथम पाचर मारून दार स्थिर करावे. बोल्ट काढून खिटीचे तुकडे जुळवावेत व लांबी, जाडी आणि छिद्रांची जागा मोजावी. त्याच मापाची खिटी लोहाराकडून लोखंडी पट्टीची करून घ्यावी. बसविताना वायसर घालावा. बोल्ट खिटी सहज फिरेल इतकाच आवळावा.

खालच्या खाचेतील माती व दाणे काढावेत. ते अडकल्यास दार पुरते लागत नाही. मग खिटीवर जोर पडून ती पुन्हा मोडते.

काम तासाभराचे आहे. परंतु वर्षभराचे धान्य त्यावर विसंबून असते.