कॅलिडोनियन कालव्यातून सावकाश नौकाप्रवास

ज्या दांपत्यास पाण्यावरील मुक्कामाची हौस आहे आणि घाई मुळीच नाही, त्यांना स्कॉटलंडमधील कॅलिडोनियन कालवा मी मनापासून सुचवीन. थॉमस टेलफर्ड या स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली १८०३ साली काम सुरू होऊन १८२२ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा जलमार्ग इनव्हर्नेसपासून फोर्ट विल्यमनजीकच्या कॉर्पाखपर्यंत सुमारे ९७ किलोमीटर जातो. त्यांपैकी मनुष्याने खोदलेले अंतर जेमतेम ३५ किलोमीटर असून उर्वरित मार्ग नेस, ऑइख, लॉखी इत्यादी सरोवरांचाच आहे.

आम्हां उभयतांस सर्वाधिक रमविले ते फोर्ट ऑगस्टसच्या पाच लॉकांनी. नौका त्या दगडी हौदात शिरली, मागचे अजस्र दरवाजे मिटले, वरच्या हौदातील पाणी घोंघावत आत आले, आणि सौभाग्यवती सैल पडणारा दोर हळूहळू आवळीत असता शेवाळलेली ओली भिंत इंचाइंचाने पाण्याखाली गेली! दरवाजांचा बंदोबस्त कालव्याचे कर्मचारीच यंत्राने करतात, म्हणून नवख्यांनी धास्ती बाळगू नये.

नेस सरोवरात मात्र वाऱ्याने चांगल्याच लाटा उसळतात. हवेचा अंदाज पाहूनच निघावे. बॅनाव्ही येथील सलग आठ लॉकांचा ‘नेपच्यूनचा जिना’ सवड काढून काठाने पायी चालत अवश्य पाहावा.