कॅमेरा राहू दे, आवाज सांभाळ

परवा कासू स्टेशनवर एका कॉलेजच्या पोराने गाठलं. "दादा, खारबंदिस्तीवर, म्हणजे खाडीचं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या बांधांवर, व्हिडिओ करायचाय. कॅमेरा कुठला घेऊ?"

अरे, फोन पुरतो. आवाज सांभाळ! खाडीचा वारा माइकमध्ये घुसला की बोलणं गेलंच. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या वरच्या खिशात रेकॉर्डिंगला ठेव, सुरुवातीला एक टाळी वाजव. एडिटिंगला त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, एवढं सगळेच दाखवतात. पण मीठ मुरलेल्या जमिनीत पुढे भात कसा येतो? त्याच शेतात नंतरही जा.

आणि ज्यांच्यावर व्हिडिओ करतोस, त्यांनाही तो दाखव. दिग्दर्शिका सुमित्रा भावे आधी पुण्यात 'स्त्रीवाणी' या संस्थेसाठी बायकांच्या जगण्यावर संशोधन करायच्या. संशोधनाचे ते कागद त्या बायकांपर्यंत पोचणार कसे? म्हणून त्या चित्रपटाकडे वळल्या. १९८५ च्या 'बाई' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मीही पहिला कट गावातच दाखवतो, यूट्यूब नंतर. (गाववाले समीक्षकांपेक्षा कडक असतात.) कुणी "माझा चेहरा नको" म्हणालं, तर तो काढायचा. तिथे वाद नाही.

माइक, एडिटिंग, परवानग्या, काहीही अडलं तर खुशाल विचारा.