स्कीची लांबी

स्कीची लांबी म्हणजे स्कीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचे, सेंटिमीटरमध्ये मोजलेले अंतर होय. हिमाच्छादित उतारावरून घसरत जाण्यासाठी दोन्ही पायांतील बुटांना जोडल्या जाणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्यांना स्की म्हणतात. योग्य लांबी ठरवताना स्कीपटूची उंची, वजन, उताराचा व हिमाचा प्रकार आणि कौशल्याची पातळी या गोष्टी विचारात घेतल्या जातात. प्रचलित तक्ते उंचीपासून सुरुवात करतात. परंतु प्रौढ वयात प्रथमच हिमावर उतरणाऱ्यांच्या बाबतीत उंचीपेक्षा कौशल्य हाच घटक निर्णायक ठरतो. महाराष्ट्रातून गुलमर्ग, औली किंवा मनाली येथे स्कीइंग शिकण्यास जाणारे बहुतेक जण याच गटात मोडतात.

मापन

स्कीवर लांबीचा आकडा छापलेला असतो. काही उत्पादक दोन्ही टोकांमधील सरळ अंतर मोजतात, तर काही तळाच्या वक्राकार पृष्ठभागावरून मोजतात. त्यामुळे एकच आकडा असलेल्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्की शेजारी उभ्या केल्यास त्यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक आढळू शकतो. या फरकाला व्यवहारात फारसे महत्त्व नाही.

छापील लांबीपेक्षा हिमाला प्रत्यक्ष टेकणाऱ्या कडेची लांबी अधिक महत्त्वाची असते. ज्या स्कीचे पुढचे टोक लांबपर्यंत वर उचललेले असते, तिची परिणामकारक कड छापील लांबीच्या मानाने बरीच कमी भरते. अशी स्की कठीण उतारावर तिच्या आकड्यापेक्षा आखूड असल्यासारखी वागते. म्हणून ती नेहमीपेक्षा थोडी लांब घेण्याची प्रथा आहे.

लांबीचा परिणाम

वळण घेणे हे स्कीइंगमधील मूलभूत कौशल्य आहे, कारण वेगावर नियंत्रण मिळते ते वळणातूनच. शिकाऊ स्कीपटू पाय फिरवून स्की वळवतो. या फिरवण्याला होणारा विरोध स्कीच्या जडत्व आघूर्णावर अवलंबून असतो. जाडी व रुंदी तीच राहिल्यास स्कीचे वस्तुमान लांबीच्या प्रमाणात वाढते आणि आघूर्ण लांबीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजेच १५० सेंमीऐवजी १७० सेंमीची स्की घेतली, तर लांबी सुमारे १३ टक्क्यांनीच वाढते, पण वळवण्याचा विरोध जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढतो. दुकानात दोन्ही स्की हातात घेतल्यावर हा फरक जाणवत नाही. उतारावर पहिल्या वळणातच तो गुडघ्यांना जाणवतो.

लांब स्कीचे फायदेही याच गुणधर्मातून येतात. सहज न वळणारी स्की वेगातही आपली दिशा सोडत नाही. लांब कडेमुळे कठीण हिमावर पकड मिळते आणि मोठ्या पृष्ठभागावर वजन विभागले गेल्याने ताज्या, भुसभुशीत हिमात स्की खाली रुतत नाही. उलट फार आखूड स्की वेग वाढताच थरथरू लागते, तिची टोके फडफडतात आणि स्कीपटू किंचित पुढे वा मागे झुकला तरी तोल जातो. वजनदार व्यक्तीच्या पायांखाली अशी स्की जास्त वाकते आणि मऊ हिमात तिचे टोक खुपसले जाते.

दुखापतीच्या दृष्टीने स्कीचा मागचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. स्कीपटू मागे बसल्यासारखा पडतो, तेव्हा शरीराचा भार उताराच्या बाजूच्या स्कीच्या आतल्या कडेवर येतो. अशा वेळी बुटामागचा भाग तरफेसारखे काम करून गुडघा आतल्या बाजूस पिळतो. गुडघ्यातील अग्र क्रूशिएट अस्थिबंध तुटण्याचे हे एक परिचित कारण आहे. तरफ जितकी लांब, तितका पीळ अधिक. ठरावीक बळापलीकडे बूट मोकळा करणारी बाइंडिंग हा यावरील उपाय समजला जातो, पण या विशिष्ट प्रकारच्या पडण्यात ती वेळेवर उघडेलच असे नाही. त्यामुळे बाइंडिंग नीट बसवली म्हणजे लांबी कितीही चालेल, हा समज चुकीचा आहे.

कौशल्यानुसार निवड

स्की जमिनीवर उभी धरून तिचे टोक शरीराच्या कोणत्या भागापर्यंत येते हे पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. नवशिक्यासाठी टोक छातीच्या वरच्या भागापासून हनुवटीपर्यंत, मध्यम कौशल्याच्या व्यक्तीसाठी हनुवटीपासून नाकापर्यंत आणि निष्णात स्कीपटूसाठी कपाळापासून डोक्याच्या उंचीपर्यंत असावे, असा संकेत आहे. १६५ सेंमी उंचीच्या व्यक्तीसाठी हे माप अनुक्रमे सुमारे १४० ते १४५, १४५ ते १५५ आणि १५५ ते १६५ सेंमी असे येते. उंचीच्या मानाने वजन बरेच जास्त असल्यास त्या त्या टप्प्यातील वरचा आकडा आणि कमी असल्यास खालचा आकडा घेतात.

अडचण येते ती स्वतःची पातळी ठरवताना. ‘मध्यम’ हा शब्द मोठा मोघम आहे आणि चार दिवस सरावाच्या उतारावर घालवलेला प्रत्येक जण स्वतःला त्यातच धरतो. किती दिवस स्कीइंग केले यापेक्षा थांबता कसे येते, हा अधिक विश्वासार्ह निकष होय. पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून, टाचा बाहेर रेटत वेग कमी करणे ही पहिली पायरी आहे. इंग्रजीत या पद्धतीला नांगराचे नाव आहे. मात्र तो शेतातील नांगर नसून रस्त्यावरील हिम दुभागून बाजूला सारणारे यंत्र आहे. ज्याला एवढ्या एकाच रीतीने थांबता येते तो नवशिका, मग त्याची उंची सहा फूट असली तरी. दोन्ही स्की समांतर ठेवून मध्यम उतारावर दोन्ही बाजूंना वळता व थांबता येणारा मध्यम पातळीचा. तीव्र, खडबडीत किंवा गोठलेल्या उतारावरही वेग स्वतःच्या इच्छेप्रमाणे राखू शकणारा निष्णात समजावा.

भाड्याने साहित्य देणारे दुकानदार उंची, वजन, वय, बुटाचे माप आणि स्कीपटूचा प्रकार विचारतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर केवळ लांबीसाठी नसते. सावध, मध्यम किंवा आक्रमक यांपैकी कोणता प्रकार सांगितला, त्यावर बाइंडिंग किती बळाने मोकळी व्हावी हेही ठरते. संकोचाने किंवा प्रौढीने वरची पातळी सांगणाऱ्याच्या पायांत लांब स्की येते आणि पडल्यावर बूट सहजी सुटत नाही, असे दुहेरी नुकसान होते. कमी सांगितल्याने होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ असते: बाइंडिंग एखाद्या वेळी विनाकारण उघडते आणि स्की फार आखूड वाटली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते.

हिमप्रदेशाबाहेरील प्रौढ शिकाऊ

आल्प्स पर्वताच्या परिसरातील मूल चार-पाच वर्षांचे असताना मीटरभरापेक्षाही आखूड स्कीवर उभे राहते. पुढे त्याची उंची, कौशल्य आणि स्कीची लांबी बरोबरीने वाढत जातात. उंचीवर आधारलेले तक्ते अशा समाजात बऱ्यापैकी लागू पडतात, कारण तेथे उंच माणूस बहुधा अनुभवी असतो. महाराष्ट्रात हे गणित जुळत नाही. मुंबई-पुण्याचा असो वा बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या, पर्जन्यछायेतील पाटोद्याचा, मराठी माणूस हिम प्रथम पाहतो तो बहुधा विशी-तिशीत. त्या वेळी त्याचे शरीर पूर्ण वाढलेले असते आणि कौशल्य शून्य असते. १७८ सेंमी उंच व ८० किलो वजनाच्या अशा व्यक्तीला केवळ उंची-वजनाच्या तक्त्याने १७० सेंमीच्या आसपासची स्की मिळेल; तिची खरी गरज १५० ते १६० सेंमीची असते.

भारतात या खेळाचे शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये गुलमर्ग येथील केंद्र शासनाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, मनाली येथील अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण व तत्संबंधी क्रीडा संस्था आणि उत्तराखंडातील औली येथे गढवाल मंडल विकास निगम यांचा समावेश होतो. प्राथमिक अभ्यासक्रम साधारणतः एक ते दोन आठवड्यांचे असतात. पहिले काही दिवस सपाट जागेवर चालणे, आडव्या पावलांनी उतार चढणे, पडणे आणि पडल्यावर उठणे यांत जातात. आडव्या पावलांनी चढताना प्रत्येक पावलाला संपूर्ण स्की उचलावी लागते, आणि उठताना ती शरीराभोवती फिरवून उताराला आडवी आणावी लागते. या दोन्ही कृतींत हातभर जादा लांबी म्हणजे निव्वळ ओझे होय.

त्यात उंचीवरच्या विरळ हवेची भर पडते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि औलीचे उतारही अडीच हजार मीटरच्या वर आहेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतल्यास फरकाची कल्पना येते. मैदानी प्रदेशातून आलेला शिकाऊ येथे लवकर दमतो. दमलेले पाय स्की वळवू शकत नाहीत आणि माणूस नकळत मागे झुकतो. वर सांगितलेली गुडघ्याची दुखापत घडते ती नेमकी अशाच स्थितीत. आठवडाभराच्या अभ्यासक्रमात दुसऱ्याच दिवशी गुडघा दुखावला, तर उरलेला आठवडा व प्रवासखर्च तर वाया जातोच. अस्थिबंध तुटल्यास शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांचे उपचार मागे लागतात.

गुलमर्गच्या वरच्या भागातील उतार मात्र वेगळे आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत शिखराजवळ सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो आणि तेथील खोल, न दाबलेल्या हिमासाठी हे ठिकाण जगभरच्या स्कीपटूंना परिचित आहे. तेथे मध्यभागी १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद आणि डोक्याइतकी किंवा त्याहून किंचित लांब स्की वापरतात. अशा स्की पाहून नवशिक्याने खालच्या सरावाच्या उतारावर त्यांचे अनुकरण करणे व्यर्थ आहे.

मुले

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेच्या हिवाळी सहलींतून हा खेळ लवकर शिकतात. मुलांसाठी कपडे घेताना ते वाढत्या अंगाचे घेण्याची मराठी घरांत जुनी रीत आहे. सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात. स्की दुमडता येत नाही. पुढच्या दोन वर्षांचा हिशेब धरून घेतलेल्या लांब स्कीवर मूल वळायला शिकत नाही, ते सरळ खाली जायला शिकते. नवशिक्या मुलासाठी स्की छातीपासून हनुवटीपर्यंतच असावी. दरवर्षी नवी घेणे परवडत नसल्यास हंगामापुरती भाड्याने घेणे हा उत्तम मार्ग आहे. बुटांच्या बाबतीत तर वाढीव माप आणखी घातक असते, कारण सैल बुटात पाऊल फिरते, पण स्की फिरत नाही.

इतिहास

स्कॅन्डिनेव्हियात पूर्वी दोन पायांना असमान लांबीच्या स्की बांधण्याची पद्धत होती: एक घसरण्यासाठी लांब, दुसरी रेटा देण्यासाठी आखूड. नॉर्वेतील टेलेमार्कचे सोंड्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) यांनी एकोणिसाव्या शतकात तुलनेने आखूड, मध्यभागी निमुळत्या आणि टाच धरून ठेवणाऱ्या बांधणीच्या स्की वापरून वळणे सुकर केली. ऑस्ट्रियातील मथियास झडार्स्की यांनी आल्प्सच्या तीव्र उतारांसाठी नॉर्वेजियन स्की आणखी आखूड केल्या.

तरीही विसाव्या शतकाचा बराचसा काळ लांब स्की हेच कौशल्याचे लक्षण मानले गेले. हात डोक्यावर सरळ उंच करावा आणि मनगटापर्यंत पोहोचेल ती स्की घ्यावी, असा त्या काळचा नियम होता. त्यामुळे प्रौढांच्या पायांत २०० सेंमीच्या आसपासच्या स्की सर्रास दिसत. १९६० च्या दशकात अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी याविरुद्ध प्रयोग केला. त्यांनी शिकाऊंना प्रथम मीटरभरापेक्षा आखूड स्की देऊन टप्प्याटप्प्याने लांबी वाढवत नेली. फ्रान्समधील लेझार्क येथेही अशीच पद्धत राबवली गेली.

खरा बदल १९९० च्या दशकात झाला. स्लोव्हेनियातील एलान कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणलेल्या स्कीला दोन्ही बाजूंनी खोल वक्र दिलेला होता. अशी स्की कडेवर कलती करताच स्वतः कमानीत वळू लागते, त्यामुळे जादा लांबीची गरज उरली नाही. काही वर्षांतच सामान्य स्कीपटूंची स्की सुमारे वीस ते तीस सेंटिमीटरने आखूड झाली. जुन्या पुस्तकांतील वा त्या काळी शिकलेल्या व्यक्तींनी सांगितलेली मापे आजच्या स्कींना लागू पडत नाहीत, ती यामुळेच.

स्पर्धा

आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाने वरिष्ठ स्तरावरील आल्पाइन स्पर्धांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. जवळजवळ रोवलेल्या दांड्यांमधून झपाट्याने वळावे लागणाऱ्या स्लालममध्ये ती पुरुषांसाठी १६५ व महिलांसाठी १५५ सेंमी आहे. जायंट स्लालममध्ये ती १९३ व १८८ सेंमी, सुपर-जीमध्ये २१० व २०५ सेंमी आणि सर्वाधिक वेगाच्या डाउनहिलमध्ये २१८ व २१० सेंमी आहे. जगातील उत्तमोत्तम स्लालमपटू सहा फूट उंच असूनही १६५ सेंमीची स्की वापरतात. किमान मर्यादा घालावी लागली, कारण आणखी आखूड स्कीकडे त्यांचा कल होता.

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे पहिले प्रतिनिधित्व जेरेमी बुजाकोव्स्की यांनी १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे आल्पाइन स्कीइंगमध्ये केले. तो मनगटापर्यंत पोहोचणाऱ्या स्कींचा काळ होता. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये काश्मीरचे आरिफ खान स्लालम व जायंट स्लालम या दोन्ही प्रकारांत उतरले आणि जायंट स्लालममध्ये ४५ वे आले.

अन्य प्रकार

सपाट व चढउताराच्या प्रदेशात लांब अंतर कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रॉस-कंट्री स्कींना वरील संकेत लागू होत नाहीत. त्या अरुंद व हलक्या असून पारंपरिक शैलीसाठी स्कीपटूच्या उंचीपेक्षा साधारण १० ते ३० सेंमी लांब घेतल्या जातात. येथे लांबीपेक्षा स्कीच्या मधल्या बाकाचा ताठपणा वजनाशी जुळणे महत्त्वाचे असते. दोन्ही पायांवर उभे राहिले असता स्कीच्या मध्यभागाखाली ठेवलेला कागद सहज सरकावा आणि संपूर्ण भार एका पायावर दिल्यावर तो घट्ट दाबला जावा, अशी त्याची सोपी चाचणी आहे.