'येतो' म्हणण्याची वेळ

निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार मराठी घरात मुलाला लहानपणीच मिळतो. ज्या प्रांतांत आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तेथेही रीत हीच. बडोद्याचा शेजारी 'आवजो' म्हणून निरोप देतो. बेळगावचा कानडी माणूस 'बर्तीनि', म्हणजे 'येतो', म्हणतच उंबरठा ओलांडतो. तेलुगू माणूस 'वेळ्ळोस्तानु' या एकाच शब्दात जाणे आणि येणे दोन्ही सांगतो. कचेरीत मात्र हा साधा शब्द ओठांवर यायला धजत नाही.

कचेरी सुटण्याची वेळ नियमात लिहिलेली असते. खुर्चीवरून उठायचे केव्हा, हे कोठेही लिहिलेले नसते. साडेपाच वाजतात. काम संपलेले असते, तरी फाइल उघडीच राहते आणि तिच्यावर चष्मा. सर्वांचे कान साहेबांच्या दालनाकडे. शिपाई साहेबांचा डबा आणि बॅग घेऊन मोटारीकडे निघाला, की मगच खणांच्या किल्ल्या फिरू लागतात. आता हजेरीसाठी अंगठ्याचे यंत्र आले आहे. ते बाहेर पडल्याची वेळ नोंदवते, पण 'आज लवकर निघालात?' असे विचारणारे डोळे काही नोंदवत नाही. वेळेवर निघणाऱ्याला 'लवकर' ठरवणारे हे मराठी, भाषेचा शिक्षक म्हणूनही, मला खटकते.

जपानी कर्मचारी निघताना मागे राहिलेल्यांना 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' म्हणतो. तुमच्या आधी निघण्याची असभ्यता करतो आहे, असा त्याचा अर्थ. निदान तेथे संकोचाला शब्द तरी आहे, आणि सहकाऱ्यांकडून 'ओत्सुकारेसामा', म्हणजे 'फार श्रमलात', असे उत्तरही मिळते. आपल्याकडे नुसते चोरपावलांनी जिना उतरणे!

याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. पाळणाघरातून मूल न्यायचे असते ते बहुधा एखाद्या कारकून बाईंना, आणि त्यांची बस काही साहेबांसाठी थांबत नाही. त्या पाचलाच डबा पिशवीत सारून ठेवतात. पुढचा वेळ घड्याळाकडे न पाहण्याच्या प्रयत्नात जातो. शाळाही याला अपवाद नाही. घंटेबरोबर मुले सुटतात, शिक्षक मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या दिव्याकडे पाहत राहतात.

म्हणून उठण्याची जबाबदारी वरिष्ठाची, असे माझे मत आहे. ज्याला खरोखरच थांबायचे असेल त्याने दारापर्यंत येऊन 'तुम्ही या आता' एवढे म्हणावे. बाईंना पहिली बस मिळेल. शिपाई तरीही शेवटीच जाणार. कुलूप त्याच्याकडे असते.