भर शहरातली मोकळ्या हवेची शाळा

क्षयाच्या धास्तीने विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मोकळ्या हवेच्या शाळा निघाल्या. त्या मुख्यतः अशक्त मुलांसाठी, झाडीत असत. वास्तुरचनाकार यान डाउकर यांनी हाच विचार निरोगी मुलांसाठी ॲमस्टरडॅममध्ये, चहूबाजूंनी घरे असलेल्या अंगणात उतरवला. १९३० मध्ये ही शाळा बांधून झाली.

🏫 सांगाडा काँक्रीटचा. खांब कोपऱ्यांत नाहीत, तर बाजूंच्या मध्याकडे सरकवलेले. त्यामुळे मजल्यांचे कोपरे आधाराविना पुढे झेपावतात आणि बाहेरच्या भिंतींवर भार येत नाही.

☀️ म्हणूनच भिंतींच्या जागी लोखंडी चौकटींच्या मोठ्या काचेच्या खिडक्या बसवता आल्या. वरच्या मजल्यांवर दोन बंदिस्त वर्गांमध्ये एक उघडा, दक्षिणेचे ऊन घेणारा सामायिक वर्ग आहे.

इमारतीत आजही शाळाच भरते.